भिंतीपलीकडचा ठेका

— नाही, तुम्ही आधी आत या, दारात उभं राहून बोलणं नको, खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर लगेच कान टवकारतात. आवाजाबद्दल आलाय ना? मला माहीत होतं. परवा लिफ्टपाशी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि काही बोलला नाहीत, तेव्हाच मी म्हटलं, शेजारच्या ताई आता येणार. या. ती काळी वायर ओलांडा — हां — आणि ही दुसरी. चपला राहू द्या पायात, घरात पाय ठेवायला जागा नाही तिथे चपलांचं काय घेऊन बसायचं. बसा. खुर्चीवर नको, ती करकरते — म्हणजे तुम्हाला चालेल, मलाच हल्ली करकर सहन होत नाही. पलंगावर बसा. नुसत्या फळ्या आहेत, गादी नाहीये, गादी ती बघा, भिंतीला उभी. तुमच्याच भिंतीला. आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून लावलीये, खास तुमच्यासाठी. मी झोपतो कशावर? फळ्यांवर. मणक्याला बरं असतं म्हणे. तरी आवाज आलाच ना? कळलं. तुम्ही काही बोलू नका, मीच कबूल करतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

हे काय चाललंय असं वाटत असेल तुम्हाला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, दिवसभर घरात, आणि आतून धडाम धडाम. मी काचा घासतो हो. चष्म्याच्या. चौकातलं ते मोठं चष्म्याचं दुकान आहे ना, त्याच्या मागच्या खोलीत बावीस वर्षं — फ्रेमच्या मापाने काच कापायची, चाकावर धरायची, कड घासायची. चाकाच्या आवाजावरून सांगतो मी, काच तडकणार की नाही. बारीक किंचाळायला लागली की हात काढून घ्यायचा. तर मणका सरकला. डॉक्टर म्हणाले, तीन महिने वाकायचं नाही, आणि आमचं काम तर सगळं वाकूनच. मग घरी बसलो. पहिला आठवडा झोपलो, दुसरा आठवडा छताकडे बघितलं, तिसऱ्या आठवड्यात माझी भाची आली — मोठ्या बहिणीची मुलगी, कॉलेजात आहे — तिने माझं तोंड बघितलं आणि दुसऱ्या दिवशी तिचा जुना लॅपटॉप आणून ठेवला. म्हणाली, मामा, यात एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय, गाणी कर. मी म्हटलं, मला ना पेटी येते ना तबला. ती म्हणाली, कुणालाच येत नाही, सगळे असेच करतात. आणि गेली निघून.

तर असं झालं. तुम्ही म्हणाल गाणी करायची म्हणजे काय — पडद्यावर चौकोन असतात. एका चौकोनावर बोट ठेवलं की डुम्म. दुसऱ्यावर ठेवलं की टक. डुम्म-टक, डुम्म-डुम्म-टक, आठ ठोके झाले की ते आपोआप परत पहिल्यापासून. मला इतकी गंमत वाटली, त्या दिवशी जेवलोच नाही. आणि मग तीन आठवडे आठ ठोक्यांच्या पुढे गेलो नाही. खरं सांगतो. रोज नवीन आठ ठोके. रोज वाटायचं, हे काहीतरी जमलंय, याचं गाणं होणार — आणि नवव्या ठोक्यावर काय ठेवायचं ते कळायचं नाही. मग ढोलांचे आवाज उतरवून घेतले इंटरनेटवरून. किती? चार हजार. एकेक ऐकत बसायचो — हा भरीव, हा पोकळ, हा जरा ओला — संध्याकाळ व्हायची. भाची आली की विचारायची, मामा, गाणं करतोयस की ढोलांचं दुकान टाकतोयस? चाळीस गाण्यांचे उंबरठे घातले मी, घर एकही नाही. ती म्हणाली, पहिलं गाणं वाईटच होणार रे, वाईट तर वाईट, पण पुरं कर. आता बोलणं सोपं आहे. बावीस वर्षं मी काच पुरी केल्याशिवाय चाकावरून उतरवली नाही, आणि इथे — जाऊ दे. पंखा बंद करू का? नको? नाही, मला सवय लागलीये बंद करायची. माइक चालू नाहीये आत्ता. घाबरू नका.

माइक — हो, तो बघा, कपाटात टांगलाय. कपाटात कारण कोट आहेत ना, दोन कोट आणि एक गोधडी, त्यात आवाज घुमत नाही. मी आत बसतो आणि दार ओढून घेतो. हसा तुम्ही, बहीणही हसली. म्हणाली, लहानपणी मार चुकवायला बसायचास तसा बसतोस. पण माइक आणला आणि माझी झोपच उडाली, कारण तो सगळं ऐकतो. माणसाचा कान समंजस असतो हो, नको ते गाळून टाकतो. माइक नाही गाळत. मी एकदा नुसताच एक मिनिट गप्प बसून रेकॉर्ड केलं, आणि हेडफोन लावून ऐकलं — फ्रिज घुरघुरतोय, लिफ्ट वर येतेय, घड्याळाचा काटा, माझं नाक, रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं, पोस्टमास्तर खोकले, तुमच्याकडे काका —

नळ. तुमच्याकडचा नळ, असं म्हणणार होतो. नळाचा आवाज येतो. पाइपमधून. सगळ्यांच्याच येतो. हातात काय आहे तुमच्या? मघापासून मुठीत काहीतरी आहे. किल्ली? कसली किल्ली?

अच्छा.

अच्छा, म्हणजे तुम्ही — आवाजाचं नाहीच मुळी. घर सोडताय. आणि सोमवारी मालकांचा माणूस येईल, त्याला द्यायची. एवढंच. देतो ना, त्यात काय, इथे खिळ्याला लावतो, हरवणार नाही. आणि मी आपला अर्धा तास गादी काय, कपाट काय. बरं. जाताय म्हणजे — नाही, मला वाटलंच होतं. अशा वेळी त्या घरात नको वाटतं. मी यायला हवं होतं भेटायला, चूक झाली माझी. दोनदा आलो दारापर्यंत, पण काय बोलणार, आपली ओळख लिफ्टपुरती. काका गेले, वडिलांमागे तुम्ही एकट्या — काय? कोण? कोण नाही गेलं?

भावाकडे. भावाकडे नेलंय त्यांना.

थांबा, मी जरा बसतो. करकरू दे. बारा दिवस, ताई. बारा दिवस मी असं समजून चाललोय की — जिवंत आहेत ना? जेवतात? बरं. बरं झालं. नाही, हसत नाहीये, हे असंच होतं माझं. मला वाटलं रात्रीत काहीतरी झालं आणि तुम्ही गाजावाजा न करता सगळं उरकलंत. भावाने नेलं तर मग — हं. काय म्हणाला भाऊ? "तुला ओळखतसुद्धा नाहीत, मग तू कशासाठी नोकरीचं खोबरं करून घेतेस?" असं म्हणाला. आणि तुम्हीही होकार दिलात. नाही, मी कोण बोलणारा. आठ महिने एकटीने केलंत, माणूस थकतो. दोन मिनिटं मी वाकलो तर मला दिसतात तारे, तुम्ही तर त्यांना उचलत होतात. आणि तिकडे बोलतात का काही? काहीच नाही? पाणीसुद्धा नाही? इथे तर पाणी म्हणायचे चांगलं, नको म्हणायचे, पुरे म्हणायचे, आणि ते एकदा —

कशावरून म्हणजे?

नळाच्या पाइपमधून. नाही. बघा ताई, आता लपवण्यात अर्थ नाही, तुम्ही अशा बघताय. बाथरूमचा झरोका. तुमचा आणि माझा एकाच पोकळीत उघडतात, पाइप जातात ती पोकळी. तुमचं बेसिन झरोक्याखाली आहे, बरोबर? माझंही. मी मुद्दाम नाही केलं. पहिल्यांदा मुद्दाम नाही. भाची म्हणाली होती, बाथरूममध्ये आवाज छान घुमतो, टाळ्या वाजवून बघ, ढोलाऐवजी वापर. म्हणून माइक तिथे नेला, स्टुलावर ठेवला, टाळ्या वाजवल्या. आणि मग ऐकतोय तर माझ्या टाळीच्या मागे कुणीतरी गातंय — पा—णी. खालून वर. पा—णी. मी हेडफोन काढून मागे बघितलं, खरंच. मला आधी वाटलं तुम्ही कुणा लहान मुलाला गाणं शिकवताय. मग दुसरा आवाज आला, जाडसर, ओल्या कापडातून आल्यासारखा. पा. नुसता पा. आणि तुम्ही म्हणालात, शाब्बास. भाचीला विचारलं तेव्हा तिने शोधून सांगितलं, अर्धांगाच्या झटक्यात बोलणं गेलं तरी कधी कधी माणसाला गाता येतं म्हणे, म्हणून शब्द गाऊन शिकवतात. मला माहीतच नव्हतं असं काही असतं. मी बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर काचा लावतोय, मला वाटायचं सगळं सुधारायचं ते काचेनेच.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम ठेवला. हो. कबूल. स्टुलाखाली टॉवेल घडी करून, थरथर नको म्हणून. साडेआठला. रोज. सत्तावीस दिवस. मी गजर लावायचो, ताई, कामाला जाताना कधी लावला नाही. तुमचं ठरलेलं — आधी दाढीचा ब्रश, मग पाणी, मग खिडकी, मग नको. खिडकी त्यांना जड जायचं, तुम्ही खिड-की असं दोन पायऱ्यांत गायचात. आणि त्या एका दिवशी तुम्ही चौथ्यांदा खिडकी म्हटल्यावर ते स्पष्ट म्हणाले, पुरे. शिकवलेलं नसताना. आणि तुम्ही जे हसलात, इतकं हसलात की कंगवा पडला. मीही इकडे हसलो, तोंडावर हात धरून. आणि शेवटी रोज तुम्ही विचारायचात — मी कोण? मी को—ण? मग तुमचं नाव गायचात, हळूहळू, चारही अक्षरं. तिकडून काही नाही. परत एकदा गायचात. काही नाही. मग नळ बंद, दार, सव्वानऊला बाहेरचं कुलूप.

उठू नका. म्हणजे उठा, तुमचा हक्कच आहे, तुम्ही मला बोलाल तेवढं थोडं आहे. मी दुसऱ्याच्या न्हाणीघराला कान लावला. ही गोष्ट मी स्वतःशीसुद्धा अशी बोललो नव्हतो आत्तापर्यंत — मी म्हणायचो, रेकॉर्डिंग. आवाज गोळा करणं. सगळे करतात म्हणे, पावलांचे, दारांचे. पण थांबा, एवढं बघून जा. पुसतो. तुमच्यासमोर पुसतो, एकेक, म्हणजे नंतर मनात यायला नको की याने ठेवलं असेल. इकडे या, पडदा बघा. हे फोल्डर. आणि गाण्याचं म्हणाल तर — हो, गाणं झालं. पुरं झालं, तीन मिनिटं दहा सेकंद, आयुष्यातलं पहिलं. भाचीने ते इंटरनेटवर टाकलं, दोनशे अकरा लोकांनी ऐकलंय. रागावू नका, आत्ता फोन करतो तिला, उतरव म्हणतो. पण त्यात तुमचा आवाज नाही. शपथ घेतो. तुमचा एक शब्द नाही घेतला मी, तुमचं हसू तर नाहीच नाही, तेवढी लाज होती. काकांचाही शब्द नाही त्यात. त्यांचा नुसता ठेका घेतला. चार हजार ढोल होते माझ्याकडे, पण एकातही ते नव्हतं — जरा फाटलेलं, जरा जिवंत. नवव्या ठोक्यावर ते ठेवलं आणि गाणं आपोआप पुढे गेलं. लोक गाण्याखाली लिहून विचारतात, हा ढोल कुठला.

हे बघा, या त्याच्या फायली. ठ-एक, ठ-दोन, ठ-तीन, ठ-चोवीसपर्यंत. ह्या निवडतो, आणि हे बटण —

ठ म्हणजे काय? ठ म्हणजे ठ. ते करायचे तो आवाज. नाही, तुम्ही शिकवत होतात तेव्हा नाही. तुम्ही गेल्यावर.

तुम्हाला माहीत नाही?

सव्वानऊला तुम्ही जायचात. सांभाळणाऱ्या बाई पावणेदहाला यायच्या. मधला अर्धा तास. माझा माइक तसाच चालू राहायचा, पहिले दोन दिवस मी पुढचं ऐकलंच नाही, पाणी, कुलूप, झालं. तिसऱ्या दिवशी सगळं ऐकलं. तुम्ही गेल्यावर पाचेक मिनिटांनी तो वॉकर — टक, सर्र, टक, सर्र — बेसिनपर्यंत. आरसा आहे ना तिथे? मग शांतता. मग ठ. जसं काही दाताखाली अडकलंय. ठ. मला वाटलं, घसा साफ करतायत. मग परत ठ. ठ. ठ. दम घ्यायचा, परत. वीस-वीस मिनिटं, ताई. बाईंच्या किल्लीचा आवाज आला की बंद. टक, सर्र, परत खोलीत. दुसऱ्या दिवशी परत. मी म्हटलं, व्यायाम दिलेला असेल कुणीतरी. आठवड्याने ते ठक झालं. ठ आणि लगेच क. तोच माझा ठेका, ठ-क, ठ-क, मी तो कापून, जोडून, आठ ठोक्यांच्या पुढे बसवला. त्याच्या पुढे एक लांब ऊ यायला लागला, शेवटी शेवटी, पण तो सुरात नव्हता, इकडे तिकडे जायचा, म्हणून मी तो कापला. कातरीने छाटावा तसा. गाण्यात बसत नव्हता.

शेवटच्या दिवशी, म्हणजे तेरा दिवसांपूर्वी, सगळं एकत्र आलं. तुम्ही पा—णी म्हणता ना, खालून वर, तंतोतंत त्याच चालीत. ठ—कू. तीन वेळा. ठ—कू. मग पाण्याचा नळ सोडला त्यांनी, उगाच, आणि बंद केला. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून आवाज आला नाही. मला वाटलं तुम्हाला विचारावं, ठकू म्हणजे काय, कुठला शब्द — पण विचारणार कसं.

ताई?

बसा. खाली बसा, इथे, खुर्चीवर बसा, करकरू दे. पाणी आणतो. नको? काय झालं? मी परत काही — ठकू कोण आहे?

तुम्ही.

तुम्ही ठकू.

आणि तुम्ही रोज त्यांना ते मोठं नाव गायला लावत होतात, चार अक्षरांचं. ते आधार कार्डावरचं नाव. लहानपणी कुणी हाक मारायचं का त्या नावाने? नाही ना. फक्त तेच म्हणायचे, ठकू? आणि शाळेत गेल्यावर तुम्हीच बंद करायला लावलंत. अच्छा. म्हणजे ते तुमच्यासमोर म्हणत नव्हते कारण — कशाला म्हणतील अर्धवट. माझ्यासारखंच आहे ते, तडकलेली काच दाखवायची नाही कुणाला. पुरी झाली की देणार होते तुम्हाला. दुसऱ्या दिवशी सकाळी देणार होते. किती वाजता आला भाऊ? सातला. सातलाच गाडीत बसवलं.

नाही नाही, पुसलं नाहीये. बटण दाबलं नाही मी, हे बघा, चोवीस आहेत, मोजा. ऊसकट आहेत, कापायच्या आधीच्या, मूळ फाईल मी कधी टाकून देत नाही, ती सवय दुकानातली, जुना नंबर जपून ठेवायचा. ऐकायचंय? नक्की? हेडफोन घाला मग, बाहेर लावलं तर घरभर विखुरेल. हा डावा. घट्ट बसवा कानावर, बाहेरचं काही ऐकू येत नाही यात, मीच निवडून आणलाय. पहिल्यापासून लावतो, एकेक दहा सेकंदांचा तुकडा आहे. मधे मधे शांतता आहे, घाई करू नका, पुढे ढकलू नका. हं. लावलं.

येतंय? — नाही, ऐकू येत नाहीये तुम्हाला माझं. हात हलवला तरी बघत नाहीत. बरं आहे.

मग एक सांगून टाकतो, तुम्ही ऐकत नाही तोवर. मी दोनदा नाही, सातदा आलो होतो तुमच्या दारापर्यंत. काका गेले असं वाटायच्याही आधी. चौथ्या दिवशीच आलो होतो, सांगायला, की तुम्ही गेल्यावर ते काहीतरी करतात बेसिनपाशी. बोट बेलवर ठेवलं होतं. आणि परत फिरलो. आपली ओळख नाही हे कारण नव्हतं. सांगितलं असतं तर माइक उचलावा लागला असता. सव्वानऊची वाट बघायची सवय लागली होती मला. या घरात माझी वाट बघणारं काही नाही, मग मीच कशाची तरी वाट बघायला लागलो. चौथ्या दिवशी बेल वाजवली असती, तर तुम्ही एक दिवस सव्वानऊला कुलूप लावल्यासारखं केलं असतंत आणि आतच थांबला असतात. ठ ऐकताच तुम्हाला कळलं असतं, मला नाही कळलं, मला तो ढोल वाटला. भावाला तुम्ही हो म्हटलं नसतंत. हे सगळं माझ्या एका बोटावर होतं.

आणि ती गादी. मी खोटं बोललो. गेले बारा दिवस ती गादी भिंतीला नव्हती, आज सकाळी लावली. मी मुद्दाम मोठ्याने वाजवत होतो. तुमच्याकडून आवाजच येईना, ब्रशचा नाही, कंगव्याचा नाही, तुम्ही घरात चालतासुद्धा अशा की — म्हटलं, निदान भिंतीवर एक थाप मारतील. शिवी देतील. काहीतरी येईल पलीकडून. नवीन गाणं वगैरे काही चाललेलं नाही. ते एक झालं आणि संपलं. लॅपटॉप उघडतो, डुम्म-टक, आणि कान त्या झरोक्याकडे. पुढच्या महिन्यात दुकान सुरू होईल, परत चाक, परत वाकणं. ते बरं आहे. काचेचं एक असतं, ती कुणाचं नाव घेत नाही.

उद्या सकाळीच जा तुम्ही तिकडे. वाटेत ऐकायला फोनमध्ये टाकून देतो सगळं, चोवीसही. आणि ते मोठं नाव गाऊ नका तिथे, त्यांना हाक मारायला लावा, तुम्ही दारामागे उभ्या राहा, भावाला सांगा खोलीतून सगळ्यांनी बाहेर — मी कोण सांगणारा. डोळे मिटलेत तुम्ही. कितवी चालू आहे? अठरा. अजून ठकच आहे, ऊ पुढे येतो, वीसनंतर. किल्ली मी — नाही, किल्ली परत घेऊन जा, कदाचित लागेल, सोमवारचं मालकांचं मी बघतो, सांगतो त्या माणसाला की जरा थांब, घाई काय आहे, लोक घर सोडतात तसं धरतातही. एकवीस. बावीस. तेवीस नुसता दम आहे, त्यात काही नाही, फक्त श्वास, मी ती टाकूनच देणार होतो. आता चोवीस, आता ऐका, आता —

काय?

काय म्हणालात? "ओ"?

नाही, मी नाही हाक मारली, मी आपला इथे नुसता —

बरं.